दोघं-तिघं कशासाठी?

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये माणसं कमी जमली की एक वचन हमखास निघतं. मत्तयच्या शुभवर्तमानातलं, अठराव्या अध्यायातलं विसावं. माझ्या नावानं दोघं किंवा तिघं जिथे एकत्र येतील तिथे मी त्यांच्यात आहे, असं येशू म्हणतो, हा त्याचा आशय. भोर आणि वेल्हे (सरकारदरबारी आता राजगड) या तालुक्यांत ख्रिस्ती वस्ती विरळ. घरगुती प्रार्थनासभेला पाच टाळकी जमली तरी पुष्कळ. पाऊस लागला, घाटात दरड आली की तीही येत नाहीत. अशा वेळी पाळकांनी हे वचन काढावं आणि आलेल्यांनी मान डोलवावी, हे ठरल्यासारखं झालं आहे.

माझं म्हणणं असं, की हे वचन हजेरीबद्दल नाही, भांडणाबद्दल आहे. एकानं दुसऱ्याचं वाईट केलं, ते निस्तरायला दोघं-तिघं बसली, तर त्या बैठकीत प्रभू बसलेला असतो, असं ते सांगतं. देवाचं सान्निध्य आणि माणसामाणसांतला थकलेला हिशेब या दोन गोष्टी ते एका गाठीत बांधतं. ही गाठ आपण सोडून टाकली, कारण हजेरीचा अर्थ स्वस्तात पडतो. त्याला कुणाच्या दारात जावं लागत नाही.

कोरम भरण्याचा प्रश्न

रूढ अर्थ जरा ताणून पाहू. दोघं जमली तर प्रभू येतो, असं म्हटलं की लगेच प्रश्न उभा राहतो: एकटा असेल तर? त्याच मत्तयमध्ये सहाव्या अध्यायात येशू सांगतो की प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लाव आणि गुप्तपणे पाहणाऱ्या पित्याशी बोल. तिथे दुसरा माणूस नाही, उलट दुसरा माणूस नको असंच सांगितलं आहे. एकशे एकोणचाळिसावं स्तोत्र तर आकाशात, अधोलोकात, समुद्रापल्याड, कुठेही गेलं तरी देवापासून सुटका नाही म्हणतं. आणि मत्तयचा शेवटच मुळी येशू सदासर्वकाळ शिष्यांबरोबर असल्याच्या आश्वासनानं होतो.

म्हणजे रूढ अर्थ खरा धरला तर या वचनानं देवाचं सान्निध्य वाढत नाही, आकसतं. जे सगळीकडे आणि नेहमीच होतं त्याला किमान दोन माणसांची अट लागते, ग्रामसभेला गणपूर्ती लागते तशी. हे सांगण्यासाठी एवढं वचन खर्च करण्याचं येशूला कारण नव्हतं. तेव्हा 'दोन किंवा तीन' हा आकडा उपासकांची किमान संख्या असू शकत नाही. तो आला कुठून?

आकड्याचं मूळ घर

तो आला न्यायाच्या नियमातून. अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायात, पंधराव्या वचनात मोशेच्या नियमशास्त्राचं कलम आहे: एकट्या साक्षीदाराच्या बोलण्यावर कुणाला दोषी धरायचं नाही, दोघांच्या किंवा तिघांच्या साक्षीनं गोष्ट पक्की व्हावी. हा आकडा येशूच्या श्रोत्यांच्या कानावर लहानपणापासून पडलेला होता. पुढे पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिताना तो वापरला, मंडळीच्या वडीलजनांवरच्या आरोपांबाबत तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातही तो आहे. दर वेळी विषय एकच: आरोप, साक्ष, निवाडा.

यावर थोडं वाचलेली माणसं एक चलाख उत्तर देतात. यहुदी सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. येशूनं दहाचे दोन केले, गरिबाला सोपं केलं. ऐकायला गोड आहे. पुण्यात हे नवलाचंही नाही. रास्ता पेठेतल्या बेने इस्रायलांच्या सिनेगॉगमध्ये किंवा १८६७मध्ये पूर्ण झालेल्या 'लाल देऊळ' या सिनेगॉगमध्ये दहावा माणूस येईपर्यंत थांबणं म्हणजे काय, हे त्या समाजातला कुणीही सांगेल. पण यहुदी परंपरेनं दोन आकडे दोन कप्प्यांत ठेवले आहेत. दहा हा प्रार्थनेचा, तीन हा न्यायसभेचा. ताल्मुदच्या बेराखोथ या भागात तर स्पष्टच आहे की तिघे न्याय करायला बसले तर देवाचं सान्निध्य त्यांच्यात असतं, आणि त्याला आधार म्हणून ब्याऐंशीव्या स्तोत्राचा आरंभ दिला आहे, ज्यात देव न्यायाधीशांच्या मध्ये उभा राहून न्याय करतो. ताल्मुदचं लेखन मत्तयनंतरचं, त्यामुळे कुणी कुणाकडून घेतलं हा वाद मी घालत नाही. निवाड्याच्या बैठकीत देव हजर असतो ही कल्पना त्या मातीत होती, एवढंच माझ्या कामाचं आहे. येशूनं दहा कमी करून दोन केले नाहीत, त्यानं दुसराच कप्पा उघडला.

वचनाच्या मागचं आणि पुढचं

आता अध्याय पाहू. वचन सुटं काढून भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापलं की त्याचं काहीही करता येतं. शेजारपाजार ठेवला की येत नाही.

अध्यायाची सुरुवात होते मोठेपणाच्या भांडणानं. स्वर्गाच्या राज्यात मोठा कोण, असं शिष्य विचारतात आणि येशू एक मूल बोलावून त्यांच्या मधोमध उभं करतो. या लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवलेलं बरं, असं तो म्हणतो. मग शंभरातलं एक हरवलेलं मेंढरू. मग पंधराव्या वचनापासून कामाची गोष्ट: भावानं तुझा अपराध केला तर आधी एकट्यानं जा आणि त्याला एकट्याला गाठून सांग. ऐकलं नाही तर आणखी एकदोघांना ने. तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग. मंडळीचंही ऐकलं नाही तर त्याला परराष्ट्रीय आणि जकातदार समज. नंतर बांधणं-सोडणं, म्हणजे ठरवण्याचा अधिकार. मग दोघांनी एकमतानं केलेली विनवणी, आणि मग आपलं विसावं वचन.

लगेच पुढच्या ओळीत पेत्र विचारतो: भावानं अपराध केला तर किती वेळा क्षमा करू, सात वेळा? विसाव्या वचनाचा विषय प्रार्थनासभा असता तर पेत्राचा हा प्रश्न आकाशातून पडल्यासारखा वाटला असता. तो तसा वाटत नाही, कारण पेत्राला विषय कळला होता. उत्तरादाखल येशू निर्दय चाकराचा दाखला देतो, आणि त्यातले आकडे मुद्दाम वेडेवाकडे आहेत. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार. चाकराला राजानं माफ केलेलं कर्ज दहा हजार तालांत, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. आणि त्यानं सोबतच्या चाकराचा गळा धरला तो शंभर दिनारांसाठी, सव्वातीन महिन्यांच्या मजुरीसाठी. एकास सहा लाख असं प्रमाण पडतं. शंभर दिनार ही मात्र किरकोळ रक्कम नाही, हे सहसा कुणी सांगत नाही. रोजंदारीवरच्या माणसाला सव्वातीन महिन्यांचे पैसे बुडणं म्हणजे घर बसणं. दुखापत खरी आहे, असं येशू मान्य करतो आणि तरीही तिचा हिशेब कुठल्या वहीत मांडायचा ते सांगतो.

या सगळ्याच्या मधोमध ते वचन आहे. अध्यायाच्या आरंभी मधोमध मूल उभं होतं, इथे मधोमध तो स्वतः आहे. मोठेपणा ठरवायला बसलेल्यांच्या मध्ये लहानगा, निवाडा करायला बसलेल्यांच्या मध्ये प्रभू. ही रचना मत्तयनं सहज केली असेल असं मला वाटत नाही.

रोहिडखोऱ्याला हे नवं नाही

मराठी माणसाला हा अर्थ परका वाटायचं काहीच कारण नाही. पंचमुखी परमेश्वर, असं आपण शतकानुशतकं म्हणत आलो. आणि त्या म्हणण्याचा कागदोपत्री पुरावा ज्या मुलखात भरपूर आहे, त्यात बारा मावळांतलं रोहिडखोरं येतं. रोहिडा किल्ल्याखालचं, आजच्या भोरभोवतालचं खोरं. इथली देशमुखी कारीच्या जेध्यांकडे. तिच्यावरून जेधे आणि उत्रोळीचे खोपडे यांचा तंटा पिढ्यान्‌पिढ्या चालला. असे तंटे गोतसभेपुढे जात. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन, बलुतेदार एकत्र बसत, पूर्वजांची आण घालून साक्षी घेतल्या जात आणि निवाड्याचा कागद, म्हणजे महजर, तयार होई. लिहिता न येणारे आपापल्या धंद्याची निशाणी करत. कुणब्या-पाटलाचा नांगर असे. वि. त्रिं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवर १९५३मध्ये इंग्रजीत ग्रंथ लिहिला, त्याचा पायाच हे कागद आहेत. बैठक बऱ्याचदा देवळात किंवा नदीच्या संगमावर भरे. देवासमोर बसलं की खोटं बोलवत नाही, हा व्यवहार त्यामागे होता. आणि पंचांच्या तोंडून देव बोलतो, ही श्रद्धाही.

अठराव्या अध्यायाचा मत्तय या कागदांच्या बराच जवळ बसतो. निदान 'प्रार्थनासभेला दोघंच आलो तरी हरकत नाही' यापेक्षा नक्कीच जवळ.

साम्य इथे संपतं, आणि जिथे संपतं ती जागाही पाहण्यासारखी आहे. गोतसभेत ज्याच्या त्याच्या हक्काचा, मानाचा, वतनाचा क्रम ठरलेला. शिवेच्या वादात महाराची साक्ष मोलाची धरली जाई, गावाची शीव त्याच्याइतकी कुणाला माहीत नसे. पण ज्या देवळाच्या साक्षीनं सभा भरे त्या देवळात त्याला पाऊल टाकता येत नसे. मत्तयच्या बैठकीत क्रम उलटा लावलेला आहे, मधोमध मूल उभं करून. शिवाय गोतसभेची सुरुवात चारचौघांत होई. इथे पहिली पायरी एकांताची आहे: आधी तू जा, एकटा जा, त्याची अब्रू राख. आपल्याकडे नेमकं याच पायरीला फाटा मिळतो. ज्याच्याशी बोलायचं तो सोडून बाकी सगळ्यांशी बोलून झालेलं असतं.

एका घंटेचे दोन उपयोग

शेजारी असा का सुटतो, हे सांगायला एक घंटा उपयोगी पडेल. भोर तालुक्यात नसरापूरला बनेश्वराचं देऊळ आहे, नानासाहेब पेशव्यांनी १७४९मध्ये बांधलेलं. तिथली घंटा नीट पाहिली तर तिच्यावर क्रॉस दिसतो आणि १६८३ हे साल. चिमाजीअप्पांनी १७३९मध्ये वसई जिंकल्यावर पोर्तुगीज चर्चमधल्या ज्या घंटा घाटावर आल्या, त्यांतली ही एक. तशीच भीमाशंकरला आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. (याच नसरापुरात पुढे पूना अँड इंडियन व्हिलेज मिशननं आपलं ठाणं केलं. क्रॉस असा दोनदा आला, एकदा लूट होऊन आणि एकदा मिशनऱ्यांबरोबर.)

चर्चच्या मनोऱ्यातली घंटा एक जण वाजवतो, सगळ्यांना बोलावण्यासाठी. देवळातली घंटा जो तो वाजवतो, आपण आल्याचं देवाला कळवण्यासाठी. धातू तोच, पण पहिल्या उपयोगात शेजारी गृहीत आहे आणि दुसऱ्यात नाही. दर्शन हा भक्त आणि देव यांच्यातला मामला आहे. रांगेत पुढे कोण उभा आहे याच्याशी त्याचं देणंघेणं नसतं. दर्शनाला मी कमी लेखत नाही. माझी तक्रार मराठी ख्रिस्ती माणसाबद्दल आहे. त्यानं रविवारच्या उपासनेचंही दर्शन करून टाकलं आहे. बाकावर शेजारी कोण बसलं आहे, त्याच्याशी आपण दोन वर्षं बोलत नाही, याचा आणि वर चाललेल्या गाण्याचा त्याच्या लेखी संबंध नसतो. गाणं रंगलं, डोळे भरले, 'आज प्रभूचं सान्निध्य जाणवलं' म्हणत तो घरी जातो. या बाबतीत वारकरी त्याच्यापेक्षा पुढे आहे. तो वाटेत भेटलेल्या वारकऱ्याच्या पाया पडतो आणि पाया पडवून घेतो, ओळख असो नसो.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा येईल, की एकोणिसाव्या वचनात विनवणीची भाषा आहे, मग प्रार्थना नाही कशी म्हणता? नाही म्हणतच नाही. निवाड्याला बसलेल्यांनी प्रार्थना करूनच ठरवायचं आहे, आणि ज्या गोष्टीबद्दल एकमत व्हायचं ती गोष्ट समोरचं प्रकरण आहे. पौलानं करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात हेच मांडलं आहे: मंडळीतलं एक गंभीर प्रकरण निकालात काढण्यासाठी येशूच्या नावानं, त्याच्या सामर्थ्यासह एकत्र या. विसाव्या वचनाचं याहून जवळचं भाष्य नव्या करारात मला तरी सापडत नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे, आणि महाराष्ट्रात तर तो टाळताच येणार नाही. मंडळीचं ऐकलं नाही तर त्याला परका समज, म्हणजे वाळीत टाकणंच की! जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांचे हाल पाहूनच विधिमंडळानं २०१६मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, २०१७मध्ये तो अमलात आला. त्या जातपंचायतींनाही आपल्या तोंडून देव बोलतो असंच वाटत होतं. मग या वचनानं पंचांच्या हातात आणखी एक कोयता द्यायचा का?

उत्तर मत्तयमध्येच आहे, किंबहुना मत्तय हा माणूसच उत्तर आहे. तो जकातदार होता. नवव्या अध्यायात येशू त्याला नाक्यावरून उठवतो आणि त्याच्या पंक्तीला बसतो, तेव्हा परूशी नाकं मुरडतात. ज्या शुभवर्तमानाला जकातदाराचं नाव आहे त्यात 'जकातदार समज' याचा अर्थ पाणी तोडा, सोयरीक तोडा असा होऊच शकत नाही. त्याचा अर्थ होतो, तो आता आतला उरला नाही, पुन्हा पहिल्यापासून जाऊन बोलवायचा आहे. शंभरातलं एक सुटलेलं मेंढरू या अठराव्या अध्यायातच आहे. मंडळीतले निर्णय त्याच्यावाचून होतील, एवढी ताटातूट खरी. पण त्याच्या घरच्या मयताला जायचं नाही, असा फतवा कुठली मंडळी काढत असेल तर तिनं वचन वापरलं आणि अध्याय फेकला.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे. डोंगरातल्या वाडीत एखादी म्हातारी एकटीच प्रार्थना करते, तिचा आधार तुम्ही काढून घेता. मी तर म्हणेन, तिच्या डोक्यावरचं ओझं काढतो. रूढ अर्थानं तिला सांगितलं होतं की दुसरं कुणी आलं तर प्रभू येईल. तिला दुसऱ्या कुणाची गरज नाही. सहाव्या अध्यायातली बंद खोली तिची आहे, अठ्ठाविसाव्यातलं आश्वासनही तिचं आहे. दोघा-तिघांची गरज आहे ती तिच्या त्या दोन मुलांना, जे बांधावरून एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

बांध, सातबारा आणि चेंज रिपोर्ट

आणि असे दोघं भाऊ या भागात शोधावे लागत नाहीत. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव या धरणांनी खोऱ्यांतली चांगली जमीन घेतली. उरलेल्या उताराच्या तुकड्यांवर सातबाऱ्याला डझनभर नावं. अर्धी मंडळी पुण्या-मुंबईत. मग पुण्याच्या गुंतवणूकदाराला फार्महाउससाठी जमीन हवी झाली आणि ज्या माळाला कुणी विचारत नव्हतं त्याच्या वाटण्या निघाल्या. राज्य सरकारनं २००७मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढली तीही याच दुखण्यावर. तंटा गावातच, समितीपुढे बसून मिटवा म्हणून. काही गावांनी ती मनावर घेतली, काहींनी बक्षिसापुरती.

मंडळ्यांचं स्वतःचं दुखणं याहून वेगळं नाही. चर्चची मालमत्ता, विश्वस्तांची निवडणूक, धर्मादाय आयुक्तांकडे अडकलेला चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद), त्यावरचे आक्षेप, अपील. दोन्ही गट एकाच आराधनालयात, एकाच पेल्यातून प्रभुभोजन घेतात आणि सोमवारी वेगवेगळ्या वकिलांकडे जातात. कुठल्या एका मंडळीकडे बोट दाखवत नाही, दाखवायला लागलो तर बोटं पुरायची नाहीत. यांच्या उपासनेत हे विसावं वचन मोठ्यानं वाचलं जातं, हे मला फार विचित्र वाटतं.

मत्तयचा पाचवा अध्याय तर उपासनेच्या ऐन मध्यावर बोट ठेवतो. वेदीजवळ अर्पण घेऊन उभा आहेस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. अर्पण ठेवायचं आहे, परत न्यायचं नाही. उपासना रद्द होत नाही, खोळंबते. गालीलच्या माणसाला यरुशलेमच्या मंदिरापासून घरी जाऊन परत यायचं म्हणजे जाऊन-येऊन आठवडा. एवढा वेळ देव थांबायला तयार आहे. मंडळीचा साडेनऊचा कार्यक्रम थांबायला तयार नसतो. अर्पणाच्या गीताआधी पाच मिनिटांची जागा सोडून, ज्याला उठून कुणाकडे जायचं आहे त्यानं जावं, असं जाहीर करायला काय हरकत आहे? पहिले काही रविवार कुणी उठणार नाही. उठणारा पहिला माणूस बहुधा ज्याचं चुकलेलं नाही तोच असेल, कारण अठराव्या अध्यायातलं पंधरावं वचन दुखावलेल्याला उठायला सांगतं. मला या अध्यायातली सर्वांत अवघड अट हीच वाटते.

जिथे हा नियम लावायचा नाही

एक मर्यादा सांगितल्याशिवाय हे मांडणं धोक्याचं आहे. हा सगळा मार्ग भावानं भावाच्या केलेल्या अपराधासाठी आहे. मोठ्यानं लहानावर केलेला गुन्हा मंडळीच्या आत दाबण्यासाठी नाही. साक्षीदारांचा नियम अशा जागी लावला की काय होतं, याचा दाखला ऑस्ट्रेलियात आहे. संस्थांमधल्या बाललैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या तिथल्या रॉयल कमिशननं 'यहोवाचे साक्षीदार' या पंथाच्या 'दोन साक्षीदार' नियमावर कडक टीका केली, कारण अशा गुन्ह्याला दुसरा साक्षीदार सहसा नसतोच. शास्त्रातलं वचन जसंच्या तसं पाळलं गेलं आणि मूल एकटं पडलं.

ज्या अध्यायात ते वचन आहे त्याच्या सुरुवातीला मूलच उभं आहे, आणि जात्याची तळी त्याच्यासाठीच आहे. आपल्याकडे २०१२च्या पोक्सो कायद्याच्या एकोणिसाव्या कलमानं असा गुन्हा कळलेल्या प्रत्येकावर तो पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकली आहे. न कळवल्यास शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला तर ती एक वर्षापर्यंत जाते. पाळक, संडे स्कूलचे शिक्षक, वसतिगृहाचे अधीक्षक यांनी हे पंधराव्या वचनाच्या शेजारी लिहून ठेवावं. लेकराचं प्रकरण असेल तर एकांतातली भेट नाही, दोघं-तिघं नाहीत, मंडळीची बैठक नाही. पहिली पायरी पोलीस ठाणं.